वळवण ते परळ

लालबाग, फेब्रुवारी १९११

पहिला भोंगा झाला आहे. चाळीच्या जिन्यावरून माणसं धडाधडा उतरताहेत. कुणी सदऱ्याची बटणं लावतोय, कुणी भाकरीचं फडकं काखेत मारतोय. तुम्ही त्या लोंढ्यात सापडता आणि परळच्या रस्त्याला लागता. उजाडायला अवकाश आहे, पण उजाडलं तरी आकाश नीट दिसणार नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिमण्या उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या तोंडातून काळा धूर समुद्राच्या वाऱ्यावर आडवा होऊन चाळींवर उतरतो आहे. बाहीवर हात फिरवलात की बोटांना काजळी लागते.

"बदलीक इलास?" शेजारून चालणारा मालवणी माणूस विचारतो. "मगे आधी जॉबराक गाठा, कामार तोच घेता."

तो तुम्हाला गिरणीच्या फाटकातून आत नेतो. साच्यांपर्यंत पोचण्याआधी बॉयलरखाना लागतो. तिथे उघड्या अंगाची माणसं फावड्याने कोळसा भट्टीत लोटताहेत. हा कोळसा मुंबईचा नाही, मुंबईच्या आसपासचाही नाही. काही बंगालच्या खाणींतून आगगाडीने सबंध देश ओलांडून आला आहे, काही जहाजांतून परमुलखातून. गाडी उशिरा आली, जहाज अडकलं किंवा भाव चढला, की त्याची झळ थेट इथल्या मजुरीला लागते.

बॉयलरमधली वाफ पलीकडच्या इंजिनात जाते. इंजिनाचं अवाढव्य चाक फिरतं, त्यावरून सुताचे जाडजूड दोर वरच्या मजल्यांवर जातात, दोरांनी छताखालचे लांबलचक दांडे फिरतात आणि दांड्यांवरचे चामडी पट्टे खाली प्रत्येक साच्याला, प्रत्येक चातीला फिरवतात. अख्खी गिरणी एका चाकावर चालते. ते थांबलं की हजारो हात थांबतात.

खात्यात पाऊल टाकताच कान बंद होतात. हवेत कापसाची पिंज तरंगते आहे. छताला विजेचे दिवे आहेत, पण गिरणीच्याच छोट्या यंत्रावर पेटणारे. कामगारांना या दिव्यांची आठवण चांगली नाही. १९०५च्या सुमारास ते आले तेव्हा काही मालकांनी कामाचा दिवस तेरा-चौदा तासांवर नेला. पूर्वी सूर्य मावळला की काम थांबायचं. दिव्यांनी ती मर्यादा पुसून टाकली. यंदा नवा फॅक्टरी कायदा होतो आहे. जुलै १९१२पासून तो पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालील. आणि ही माणसं मुकी नाहीत. जुलै १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा यांनीच सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या होत्या.

दुपारच्या सुट्टीत कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतं. परवा, ८ फेब्रुवारीला, लोणावळ्याला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी एका धरणाची कोनशिला बसवली. घाटमाथ्यावर पाणी अडवून ते खोपोलीत सोडायचं, तिथे वीज करायची आणि ती तारेवरून इथे, परळला आणायची. ऐकणारे एकमेकांकडे बघतात. लोणावळा रेल्वेने सत्तर-ऐंशी मैलांवर, मध्ये सह्याद्रीचा कडा, खाली खाडी. तिथल्या पावसाने इथला साचा फिरणार?

ज्याने हे स्वप्न मनावर घेतलं तो माणूस आता हयात नाही. मुंबईतले आर्किटेक्ट डेव्हिड गॉस्टलिंग यांनी घाटातल्या पाण्याची कल्पना मांडली आणि जमशेदजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेदजी स्वतः गिरणीमालक. कोळशाचा खर्च आणि धूर दोन्ही त्यांनी जवळून पाहिले होते. नायगाराची वीज १८९६मध्ये बफेलो शहरात पोचली होती. १९०२मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रमची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. म्हणजे हे होऊ शकतं, याला पुरावा होता. जमशेदजी १९०४मध्ये जर्मनीत वारले. त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनी काम पुढे नेलं, १९१०मध्ये कंपनी उभी केली आणि भांडवल देशातच जमवलं. संस्थानिकांनीही पैसा घातला.

कामगाराला यातलं एकच विचारायचं आहे. "वीज इली तर काम वाढतला की कमी होतला?" उत्तर खात्यात कुणापाशी नाही. तुम्ही ते शोधायला डोंगरावर निघता.

घाटमाथा, एप्रिल १९१३

दादरला तुम्ही जीआयपी रेल्वेच्या गाडीत बसता. कल्याण मागे पडतं, कर्जतला गाडी थांबते. घाट चढायला जास्तीचं इंजिन लागतं, ते जोडेपर्यंत फलाटावर पाय मोकळे करता येतात. मग चढ सुरू होतो. बोगद्यामागून बोगदे, मधूनच खोल दरी. हा लोहमार्ग १८६३मध्ये खुला झाला आणि तो खोदताना पटकीने, स्फोटांनी, कड्यांवरून पडून हजारो मजूर गेले. वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन येतं. सरळ चढता येत नाही, म्हणून गाडी इथे तोंड फिरवते आणि उलट दिशेने वर निघते.

डब्यातली एक म्हातारी दरीकडे हात जोडते. घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. लोककथा सांगते, की इंग्रजांना घाटातून वाट सापडत नव्हती, ती शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि त्याच्या वाट्याला मरण आलं. कथा खरी असो नसो, घाटातून जाणारे लोक त्याच्यापुढे थांबतात. डोंगराची वाट डोंगरातल्या माणसालाच ठाऊक असते, हे त्यांनी लक्षात ठेवलं आहे.

लोणावळ्याला उतरून तुम्ही वळवणकडे चालू लागता. इथली जमीन नीट पाहा, कारण सगळी योजना या जमिनीच्या ठेवणीवर उभी आहे. सह्याद्री पश्चिमेला तुटून कोकणात कोसळतो आणि पूर्वेला सावकाश उतरत जातो. समुद्रावरून आलेले ढग कड्याला अडतात आणि माथ्यावर रिते होतात. लोणावळ्याला वर्षाला दीडशे इंचांच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण हा पाऊस समोर दिसणाऱ्या कोकणात उतरत नाही. तो इंद्रायणीत जातो, इंद्रायणी भीमेत, भीमा कृष्णेत आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागरात. पश्चिमेचा कडा इथून काही मैलांवर असताना पाणी त्याच्याकडे पाठ करून देशाच्या दुसऱ्या टोकाला निघतं.

या योजनेचे इंजिनिअर आर. बी. जॉयनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच हेरलं. पाणी पूर्वेला निघालं की माथ्यावरच त्याला अडवायचं, चार महिन्यांचा पाऊस बारा महिन्यांची बेगमी म्हणून साठवायचा आणि मग त्याला उलटं वळवून पश्चिमेच्या कड्यावरून सोडायचं. त्यासाठी माथ्यावर तीन तळी: लोणावळा, वळवण आणि पलीकडे शिरोता. शिरोत्याचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने वळवणात येणार.

वळवणचा बांध सव्वा किलोमीटरहून लांब आहे. तुम्ही त्याच्या टोकाशी उभे राहता आणि दुसऱ्या टोकाची माणसं ठिपक्यांएवढी दिसतात. एप्रिलचं ऊन, त्यात दगडाची धग. वडार खाणीत सुतकी चालवताहेत, घणाच्या ठोक्यांचा आवाज डोंगरावर आपटून परत येतो. पाथरवट दगडाला कड काढतात, बायका डोक्यावर चुंबळ ठेवून पाट्या वाहतात. चुना आणि सुरखी मळली जाते, गवंडी ओळंबा धरून डबर रचतात. बांध दगड-चुन्याचा आहे. त्याने आपल्या वजनावर उभं राहायचं आणि मागच्या सगळ्या पाण्याचा रेटा पेलायचा. पाया पक्क्या कातळापर्यंत गेला पाहिजे. एखादी भेग राहिली तर पाणी तिथूनच आत शिरेल, म्हणून कातळ खरवडून, धुऊन मगच पहिला थर बसतो.

"घाई कशापायी ते समजलं का?" मुकादम तुम्हाला म्हणतो. "मिरगाला पाऊस लागला की काम बंद. दसऱ्यानंतर पुन्हा. वरसाचे आठ महिनेच आपले."

बांधाच्या वरच्या अंगाला एक शेतकरी बसला आहे. त्याच्या समोर भाताची खाचरं आहेत, बांध पुरा झाला की ती तळ्याच्या तळाशी जातील. सरकारने भूसंपादनाच्या कायद्याने जमीन घेतली आणि रोख मोबदला ठरवला. तुम्ही विचारता, आता कुठे जाणार? तो खाचराकडेच पाहत उत्तर देतो. "पैका हाय, पन पैका पेरता येत न्हाई. हितंच बांधावर पाटी उचलतो सध्या." ज्या जमिनीचा तो धनी होता, तिथेच तो आता मजूर आहे. कोनशिलेच्या समारंभात भाषणं झाली. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

खंडाळ्याचा कडा, फेब्रुवारी १९१५

१९१४चा पावसाळा होऊन गेला आहे. खाचरांवर आता निळं पाणी पसरलं आहे. तळ्यातून निघालेल्या पाटाच्या कडेने तुम्ही पश्चिमेला चालता. पाट दगडी आहे आणि इतक्या बेताच्या उताराने नेला आहे, की पाणी चालतंय हे तरंगणाऱ्या पानाकडे पाहिलं तरच कळतं. प्रत्येक फूट उंची जपायची आहे, कारण उंची हीच या योजनेची दौलत. पाट जितका उतरेल तितकी ताकद वाटेतच वाया जाईल.

पाट कड्याजवळच्या हौदात संपतो. इंजिनिअर त्याला फोरबे म्हणतात. इथे पाणी स्थिरावतं, गाळ खाली बसतो, पालापाचोळा जाळीला अडतो. त्यापुढे पोलादी नळांची तोंडं. वळवणहून आलेलं सगळं पाणी इथून सुटणार आहे. तुम्ही कठड्याला धरून खाली पाहता. नळ कड्याला चिकटून उतरत जातात, झाडीत गडप होतात, पुन्हा दिसतात आणि पार तळाशी खोपोलीचं वीजघर दिसतं. मधली उंची सतराशे फुटांच्या वर आहे.

नायगाराशी याची तुलना करून पाहा. तिथे पाणी अफाट, पण उंची दोनशे फुटांच्या आतली. इथे पाणी मोजकं आणि उंची जवळजवळ दहापट. थोड्या पाण्याकडून मोठं काम करून घ्यायचं तर त्याला उंचावरून सोडावं लागतं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून खाली आलं, की यंत्रांतली घट वजा जाता साधारण सव्वा युनिट वीज देतं. गिरगावातल्या चाळीच्या दारापाशी उभा राहणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. तेवढं पाणी या कड्यावरून गेलं तर आजच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाचे जेमतेम दोन-तीन दिवस निघतात. एका शहरासाठी तळीच्या तळी का लागतात, ते यावरून समजतं.

नळांच्या कडेच्या पायवाटेने तुम्ही उतरू लागता. गुडघे भरून येतात. वर नळाचा पत्रा पातळ आहे आणि खाली जावं तसा जाड होत जातो, कारण प्रत्येक पावलागणिक वरच्या पाण्याचा भार वाढतो. तळाशी दर चौरस इंचावर सातशे पौंडांहून जास्त दाब आहे. एवढा दाब सोसणारे नळ जर्मनीतून आले, जहाजाने मुंबईला, तिथून इथवर, आणि मग माणसांनी दोर लावून एकेक नळ कड्यावर चढवला. जोड कुठे किंचित जरी कच्चा राहिला तर पाणी पोलादाचीही तमा बाळगणार नाही.

खोपोली, त्याच महिन्यात

वीजघरात शिरताच पायांखालची फरशी थरथरते. पाण्याचा एक थेंबही दिसत नाही, फक्त त्याचा घुमणारा आवाज. पोलादी कवचाआड चाकं फिरताहेत. ही पेल्टनची चाकं, स्वित्झर्लंडमधून आणलेली. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींजवळ काम करणाऱ्या लेस्टर पेल्टनने ती शोधली आणि १८८०मध्ये पेटंट घेतलं. चाकाच्या परिघावर जोडवाट्या बसवल्या आहेत, प्रत्येक वाटीच्या मध्ये एक धार. नळाच्या अरुंद तोंडातून पाणी सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने सुटतं, त्या धारेवर आपटून दोन्हीकडे फाटतं आणि वाटीतून मागे वळताना आपला जवळजवळ सगळा जोर चाकाला देऊन जातं. चाकाखालून बाहेर पडणारं पाणी मलूल असतं. ते पाताळगंगेत मिसळतं आणि अरबी समुद्राला मिळतं. ज्या पाण्याने पंढरपूरला जायचं होतं, ते आता कोकणात उतरलं.

वीज तयार झाली, पण परळ अजून त्रेचाळीस मैल लांब आहे. तार गरम होते आणि वीज वाटेतच खर्ची पडते, ही खरी अडचण. तिच्यावरचा इलाज दाब वाढवणं. दाब दहापट केला की तेवढ्याच ताकदीसाठी तारेतला प्रवाह दहावा हिस्सा पुरतो आणि तारेतली उष्णता शंभरावा हिस्सा होते. म्हणून ट्रान्सफॉर्मर वीज एक लाख व्होल्टवर चढवतात. पोलादी मनोऱ्यांवर, चिनी मातीच्या तबकड्यांच्या माळांना टांगलेल्या तारा भातखाचरं, मिठागरं आणि खाडी ओलांडून मुंबईत शिरतात.

समारंभ होतो, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीज सुरू होते. परळच्या स्टेशनात ती तार उतरवून घेतली जाते, दाब कमी केला जातो आणि जमिनीखालच्या केबलींनी वीज गिरण्यांकडे निघते. सात रस्त्याजवळची सिम्प्लेक्स मिल पहिल्यांदा जोडली जाते. तुम्ही इंजिनघरात पोचता तेव्हा विजेची मोटर जुन्याच दांड्याला जोडलेली आहे. वरचे पट्टे तेच, साचे तेच, साचेवाले तेच. भट्टी मात्र थंड आहे. आणि बाहेर महायुद्ध पेटलं आहे, जहाजं लढाईकडे वळली आहेत, कोळसा महागतो आहे. अशा वेळी ज्या गिरणीपाशी घाटावरची वीज आहे ती निर्धास्त आहे.

लालबागचा तो मालवणी कामगार तुम्हाला फाटकाशी भेटतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर आता दिसू लागलं आहे. विजेने बॉयलरखान्यातली भाजणारी मजुरी कमी केली, हवा थोडी निवळली. पण कामाचे तास विजेने कमी केले नाहीत. ते कमी केले संपांनी आणि कायद्यांनी. १९२२मध्ये कायद्याची मर्यादा अकरा तासांवर येईल, पुढे आणखी कमी होईल. कड्यावरून सुटलेली ताकद कुणाच्या पदरात पडायची, हे पाण्याने ठरत नाही. ते माणसांना भांडून ठरवावं लागतं.

मुळशी पेठ, १६ एप्रिल १९२१

योजना यशस्वी झाली, म्हणून वाढली. आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडीचं धरण होतंय, भिवपुरीचं वीजघर १९२२मध्ये सुरू होईल. तिसरी योजना नीळा आणि मुळा नद्यांची. धरण मुळशीला, वीजघर खाली भिऱ्याला.

रामनवमीचा दिवस आहे. तुम्ही धरणाच्या पायाकडे जाणाऱ्या गर्दीत आहात. बाराशेच्या आसपास मावळे निघाले आहेत. बायका आहेत, कडेवर पोरं आहेत. आजूबाजूला आंबेमोहराची शेतं, या खोऱ्याचा तांदूळ पुण्याच्या बाजारात नावाजलेला. पन्नासहून अधिक गावं या पाण्याखाली जायची आहेत. लोणावळ्याच्या तळ्यांखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं काय झालं, ते इथल्या घराघरांत ठाऊक आहे. हा शेजारचाच मुलूख. सोयरेधायरे तिथले आहेत.

लोक पायाच्या चरात जाऊन बसतात. पहार चालवायची तर त्यांच्या अंगावर चालवावी लागेल. काम थांबतं. घोषणा ऐकू येते: जान किंवा जमीन.

विनायकराव भुस्कुटे या लढ्याचे पुढारी आहेत. पुढे त्याची धुरा घेतात पांडुरंग महादेव बापट आणि इथेच लोक त्यांना सेनापती म्हणू लागतात. बापट यंत्रविद्येला परके नाहीत. शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. वीज म्हणजे काय हे पक्कं ठाऊक असलेला माणूस मावळ्यांच्या बाजूने उभा राहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांचा सवाल यंत्राला नव्हता. एकाच्या गिरणीसाठी दुसऱ्याच्या रानाचा निकाल त्याला न विचारता कसा लावता, हा होता.

लढा तीन वर्षं चालला. माणसं तुरुंगात गेली, बायाही गेल्या. मावळ्यांच्या जमिनींवर सावकारांची कर्जं होती आणि मोबदल्याच्या पैशाने सावकारांचं मन वळलं, तिथे एकजूट भंगली. डिसेंबर १९२४मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. १९२७मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. मुळशीच्या धरणग्रस्तांचे प्रश्न मात्र त्यांच्या पणतवंडांच्या पिढीपर्यंत येऊन पोचले आहेत.

परळ, १२ ऑक्टोबर २०२०

सकाळचे दहा वाजून गेले आहेत. तुम्ही परळच्या पुलावर आहात आणि खाली लोकल जागच्या जागी उभी आहे. सिग्नल गेले, लिफ्ट अडकल्या, टाळेबंदीत घरून काम करणाऱ्यांचे संगणक बंद पडले. मुंबईभर वीज गेली आहे. ती परत आणायच्या धडपडीत ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राच्या जोडीला घाटातले जलविद्युत संच चालू केले जातात. औष्णिक केंद्राला तापायला वेळ लागतो. कड्यावर थांबलेलं पाणी मात्र झडप उघडली की मिनिटांत कामाला लागतं. शंभर वर्षांपूर्वी निवडलेली ती उंची आजही मुंबईच्या उपयोगी पडते.

आजूबाजूला पाहा. चिमण्या बहुतेक गेल्या. जानेवारी १९८२मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विझत गेलं आणि गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर, मॉल, कार्यालयं आली. ज्या साच्यांसाठी पाणी वळवलं ते साचे उरले नाहीत, वळवलेलं पाणी तसंच वाहतं आहे. खोपोली, भिवपुरी आणि भिरा मिळून साडेचारशे मेगावॉटच्या आसपास वीज करतात. खालच्या अंगाला पाताळगंगेच्या काठी त्या पाण्यावर कारखाने आणि वस्त्या उभ्या राहिल्या. वरच्या अंगाला, भीमेच्या कोरड्या खोऱ्यातले लोक विचारतात, की आमच्या नदीचं पाणी अजून किती वर्षं समुद्रात सोडणार? दोन्हीकडची गरज खरी आहे.

आणि डोंगरमाथे पुन्हा निवडले जाताहेत. ऑगस्ट २०२३मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी २८०० मेगावॉटच्या दोन योजनांचा करार केला: शिरोत्याला १८०० आणि भिवपुरीला १०००. दिवसा सूर्याची वीज जास्त होते, तेव्हा तिने पाणी वर चढवायचं. संध्याकाळी दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. सूर्य आणि वाऱ्याची वीज वाढवायची असेल तर अशी साठवण लागणारच. सह्याद्रीएवढी सोयीची जागा त्यासाठी दुसरी कुठली? जॉयनरना ज्या उंचीने भुरळ घातली, ती आता दुहेरी उपयोगाची ठरते आहे.

म्हणून हा प्रवास महत्त्वाचा. वळवणचा बांध शंभर वर्षं पाण्याचा रेटा सोसत उभा आहे. ज्यांनी एप्रिलच्या उन्हात तो रचला, ज्यांनी कड्यावर नळ चढवले, त्यांचं काम थोर आहे आणि त्याचा अभिमान मुंबईने बाळगावा. त्याच अभिमानाने बांधावर बसलेल्या त्या शेतकऱ्याचं आणि मुळशीच्या चरात बसलेल्या बायकांचं देणंही मान्य करावं. लालबाग-दादरच्या शाळांनी मुलांना सहलीला लोणावळ्याला न्यावं, तेव्हा धरण दाखवावं आणि तळ्याखाली कुणाची खाचरं गेली तेही सांगावं.

१९११मध्ये कोनशिला आधी बसली, डोंगरावरच्या माणसाला कुणी काही विचारलंच नाही. १९२१मध्ये त्याने स्वतःहून विचारलं, तर त्याला तुरुंग मिळाला. पुढच्या योजनेत हा क्रम उलटा हवा. पहिल्या बैठकीत माथ्यावरच्या गावांना जागा हवी, जमिनीच्या बदल्यात जमीन आणि त्यांच्या डोंगरावरून निघणाऱ्या विजेत पिढ्यान्‌पिढ्यांचा वाटा हवा. आणि हे होतंय की नाही, असं सरकारला नि कंपनीला विचारण्याचं काम परळ, लालबाग, गिरगावातल्या विजेच्या गिऱ्हाइकांचं आहे. कारण ते पाणी आपल्यासाठी सोडलं जाणार आहे.